सहकुटुंब पाहावं असं

निर्मात्यांनी संहिता मिटली आणि तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, तेव्हाच लेखकाने खिशातून पेन काढलं.

"नाटक झकास आहे," निर्माते म्हणाले. "गाणी तर डोक्यातून जात नाहीत. फक्त ते दोघं एकमेकांच्या प्रेमात आहेत ना, तेवढं जरा सौम्य करा. लोकांना सहकुटुंब बघता आलं पाहिजे."

संगीत नाटक होतं एका पोस्टमनचं आणि एका घड्याळजीचं. दोघं प्रेमात पडतात, घड्याळजीचा बाप त्याला घराबाहेर काढतो, दोघं एकत्र संसार थाटतात आणि शेवटी बाप त्याला घरी न्यायला येतो. यातून प्रेम काढायचं म्हणजे चहातून पाणी काढण्यासारखं होतं. पण लेखकाने या नाटकापायी सहा वर्षं उंबरठे झिजवले होते, आणि पहिला प्रयोग तीन आठवड्यांवर आला होता. तो म्हणाला, "बघतो."

आधी त्याने दोघांना जिवलग मित्र केलं. निर्मात्यांना ते पटेना.

"मित्र एका घरात कशाला राहतील? लोक शंका काढतील. भाऊ करा. भावांवर कोण बोट ठेवणार?"

भाऊ केले. मग सख्खे भाऊ पहिल्या प्रवेशात एकमेकांना नाव विचारू लागले, म्हणून त्यांची लहानपणीच ताटातूट करावी लागली. घड्याळजीचा बाप आता पोस्टमनचाही बाप निघाला, त्याला घाईघाईने घरमालक करून टाकलं. एवढं करून पुन्हा तालीम लागली, आणि तिसऱ्या अंकात दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत गायला लागले, 'थांबल्या या काळजाला चावी तुझ्या हाताची'.

निर्मात्यांनी तालीम थांबवली. "हे काय चाललंय?"

"तुम्हाला आवडलेलं गाणं."

"अहो, पण भाऊ आहेत ते!"

"तुम्हीच केलेत."

"हे तर आधीपेक्षा भयंकर झालं," निर्माते हताशपणे म्हणाले.

मग गाण्याचे शब्द बदलले. नवे शब्द जुन्या चालीत बसेनात, तेव्हा चालही बदलली. दोघांनी चार हात अंतर ठेवून प्रेक्षकांकडे बघत गायचं ठरलं. नटांनी चार महिने पाठ केलेलं नाटक आठ दिवसांत विसरायचं होतं.

पहिल्या प्रयोगाला निवृत्तांच्या एका क्लबाने अख्खं नाट्यगृह घेतलं. दोन अंक बरे गेले. तिसऱ्यात पियानोवाल्या बाईंची बोटं सवयीने जुन्या चालीवर गेली. पोस्टमनने घड्याळजीकडे पाहिलं, त्याच्या तोंडून जुने शब्द आले आणि घड्याळजी चार पावलांत चार हात ओलांडून त्याच्यापाशी आला. पुढे सगळंच मूळ पदावर आलं. दोन अंक भाड्यासाठी ओरडणारा घरमालक शेवटी रडत रडत म्हणाला, "बाळा, घरी चल."

"मेलो," असं म्हणून निर्माते विंगेतल्या पेटाऱ्यावर बसले. लेखकाने पडद्याची दोरी हातात घेतली.

पडदा पडला. मग एक टाळी, मग दहा, मग सगळं नाट्यगृह. लोकांना गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला, पण उठले सगळे.

थोड्या वेळाने दोन आजोबा एकमेकांचा हात धरून विंगेत आले. "लेखक कोण?" उंच आजोबांनी विचारलं. निर्मात्यांनी तत्परतेने बोट दाखवलं.

"ते भाऊ म्हणालात, ते काही पटलं नाही."

"चूक झाली," लेखक पुटपुटला.

"सख्खे सांगायचंच नाही कधी. चेहरे जुळत नाहीत, लोक विचारत बसतात. आम्ही एकेचाळीस वर्षं चुलत सांगतोय."

"मावस," ठेंगणे आजोबा म्हणाले. "चुलत तू सांगतोस, म्हणून घोळ होतो."

"मावस तर आपण जुन्या घरी सांगायचो."

तेवढ्यात क्लबाच्या सेक्रेटरीबाई दाराशी आल्या. "चला, बस थांबलीय. काय भांडताय?"

"आमचं नातं सांगत होतो यांना," उंच आजोबा सावरून म्हणाले.

"आम्ही कधी विचारलं का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "मफलर घाला दोघं, बाहेर गारठा आहे." आणि त्यांना पुढे घालून त्या निघून गेल्या.

निर्मात्यांनी पेटाऱ्यावर जरा सरकून लेखकाला जागा करून दिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा लेखक पाठ टेकून बसला.

"त्या बापाचं काय ते बघा," निर्माते म्हणाले. "पहिल्या अंकापासून बापच असू दे त्याला."