ऑर्डेल रिव्हॉल्व्हर निवडतो

काय वाटेल ते झालं तरी आज नवं रिव्हॉल्व्हर घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, असं ऑर्डेल टॉलेफ्सनने ठरवलं होतं. नवं म्हणजे अर्थात कुणीतरी वापरलेलंच. कोऱ्याला पैसे मोजण्याइतका मोंटानातला गुरंवाला खुळा नसतो.

निमित्त सापाचं झालं. गेल्या रविवारी कोंबड्यांच्या खुराड्यात शेपटी खुळखुळवणारा साप शिरला. ऑर्डेलने बापाच्या रिव्हॉल्व्हरमधून चार गोळ्या झाडल्या. पहिलीने पाण्याची टाकी फोडली, दुसरी-तिसरी कुठे गेल्या ते देव जाणे आणि चौथीने मार्लिसची सगळ्यात जास्त अंडी देणारी कोंबडी आडवी केली. साप शेवटी मार्लिसने फावड्याने मारला.

"रिव्हॉल्व्हर म्हातारं झालंय," ऑर्डेलने निदान केलं.

"रिव्हॉल्व्हरच ना?" बायकोने विचारलं. चार वर्षं ती त्याच्या मागे चष्म्यासाठी लागली होती. दोन काचांवर चारशे डॉलर उधळायला मी काय सावकार आहे, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

टॉलेफ्सनांच्या घरचा नियम होता, एक बंदूक आत आली की एक बाहेर. म्हणून शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमधल्या बंदुकांच्या बाजारात शिरताना बापाचं रिव्हॉल्व्हरही बरोबर होतं. तिथल्या रिवाजाप्रमाणे मार्लिसने त्याच्या नळीत एक काडी खोचली आणि काडीला किमतीची कागदी झेंडी लावली.

"चारशेच्या खाली सोडू नकोस," तिला बजावून ऑर्डेल गर्दीत घुसला.

ओळखीच्या लायलच्या टेबलावर लांब नळीचं, चकचकीत रिव्हॉल्व्हर होतं. नेम धरायची खाच मागेपुढे करता येत होती.

"हात लावू का?" ऑर्डेलने रीतसर विचारलं. "चारशेला बरं आहे की रे."

"सहाशे लिहिलंय, ऑर्डेल."

"तुझं अक्षरच घाणेरडं."

त्याने घोडा हळूहळू मागे ओढला, कान लावून टकटक ऐकली, गोळ्यांचं चाक हलवून पाहिलं. चाक डगडगत होतं. "रंग लावलेल्या म्हाताऱ्या घोड्यासारखं आहे हे," तो म्हणाला आणि तडक हॉलच्या दुसऱ्या टोकाला बर्नाडीनबाईच्या टेबलाशी गेला. तिच्याकडचं आखूड, रंग उडालेलं, पण साडेतीनशेचं होतं. चाक घट्ट होतं, मात्र घोडा ओढायला दोन माणसं लागली असती.

"मग घोडा ओढायला मुलाला सोबत आणायचं होतंस," बर्नाडीन म्हणाली.

ऑर्डेल परत लायलकडे गेला. मग परत बर्नाडीनकडे. नळी हवी तर चाक डगडगतं, चाक हवं तर बोट मोडतं, स्वस्त घ्यावं तर मूठ हातात बसत नाही. तिसऱ्या फेरीत, केकवाल्या बाईच्या टेबलासमोर, तो एकदम थांबला. बापाच्या रिव्हॉल्व्हरचं चाक पन्नास वर्षांत तसूभर डगडगलं नव्हतं. घोडा लोण्यासारखा मागे येई. मूठ तर बापाच्या आणि त्याच्या तळव्याने झिजून अगदी मापाची झालेली. असली वस्तू आपण विकायला काढली! ते विकायचं नाही म्हणजे नाही, असं ठरवून तो धावतच सुटला.

मार्लिस खुर्चीत बसून केक खात होती. जवळ रिव्हॉल्व्हर नव्हतं.

"विकलं," ती म्हणाली. "चारशेला. तूच म्हणालास."

"कुणाला?"

"लायलला."

लायलच्या टेबलावर आता दोन रिव्हॉल्व्हरं होती. ऑर्डेलने दुसरं उचललं आणि डोळ्यांआधी हाताला ओळख पटली.

"साडेचारशे," लायल म्हणाला. "एका घरातलं आहे. त्याची गोळी फारशी कशाला लागलेली नाही."

"मुठीच्या लाकडाला आतून चीर आहे," ऑर्डेलने भाव पाडायला सुरुवात केली.

"स्क्रू न काढता कशी दिसली?"

ऑर्डेलने साडेचारशे मोजले, बंदूक घेणाऱ्याचा सरकारी फॉर्म भरला आणि बापाची वस्तू घ्यायला आपण गुन्हेगार नाही, असं त्यावर लिहूनही दिलं. पण बाहेर पडताना त्याची छाती पुढे होती. ठरवल्याप्रमाणे बाजारातलं सगळ्यात चांगलं रिव्हॉल्व्हर त्याने निवडलं होतं.

गाडीत बसून त्याने झाला प्रकार सांगितला. मार्लिस बाहेरच, त्याच्या खिडकीशी उभी होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "लायलला सांगून ठेवलं होतं, तीनपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, माझा नवरा येईल. पन्नास त्याच्या मेहनतीचे."

"आणि चारशे?"

"तुझ्या चष्म्याचे. मंगळवारी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

ऑर्डेल लालबुंद झाला. "माझे डोळे ठणठणीत आहेत! मेलो तरी चष्मा लावणार नाही. एकदा ठरवलं की ठरवलं! चल, बस लवकर." त्याने किल्ली घातली, फिरवली. पुन्हा फिरवली. "आता हिला काय झालं?"

"काही नाही," मार्लिस म्हणाली. "आपली गाडी पलीकडची आहे."