अंगातली तंटामुक्ती समिती

शांतता टिकली तर तिची नोंद होत नाही; दप्तरात फक्त भांडणं चढतात. हे भगवंतरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण डोणगावच्या पल्याडच्या एका गावात ते अकरा वर्षं तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. डॉक्टरांचं ऐकलं असतं तर त्यांचा लाभ ठरलेला होता: उजवी मूठ पुन्हा मिटली असती. (लाभ किरकोळ वाटेल. पण त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू देत नाही, आणि पुष्पाबाईंनी नवऱ्याला पोळ्याची मुदत दिली होती. तोवर धार निघाली नाही, तर म्हैस बाजारात.)

उजव्या हाताच्या बोटांचे तीन सांधे सुजून तांबडे झाले होते. चिखलीच्या डॉक्टर निवेदिताबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की अंगात चोर, म्हणजे रोगजंतू, नाही. राखणदारच, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, घरच्या माणसांवर लाठ्या चालवतायत. चोर आला की त्यांनी धावावं, हे रास्तच. पण काम उरकलं की शरीर काही प्रथिनं निरोप्या म्हणून धाडतं. (एकाचं नाव इंटरल्युकिन-दहा. अशा नावाच्या माणसाला सरपंचकीचं तिकीट मिळणं कठीण.) ती पेशीपेशीला सांगतात, झालं, लाठ्या ठेवा, घरी जा.

"म्हंजे आमच्यासारखी समिती अंगातबी आहे?"

"आहे. तुमच्या सांध्यांत तिचं कुणी ऐकत नाही."

"आमचंबी कोन आयकते, मॅडम."

राखणदारांना आवरणाऱ्या गोळ्या मिळाल्या. समितीचे सचिव इंद्रभान यांनी चष्मा लावून सोबतचा कागद वाचला आणि हरकत घेतली. "प्रतिकारशक्ती कमी कराले गोळ्या? काऊन? लोकं तं वाढवाले घेतात."

तर्क बिनतोड होता. अकरा वर्षं दोन्ही बाजूंना चहा पाजून, पायाला मुंग्या येईस्तोवर सतरंजीवर बसवून थंड करणारे भगवंतराव स्वतःच्या अंगातल्या भांडणात तडक लाठीवाल्यांकडून उभे राहिले. गोळ्या कोनाड्यात गेल्या. इंद्रभानने शक्तिवर्धक काढा आणला, बाटलीवर सिंह. (शांत करणाऱ्या औषधावर कोणता प्राणी छापावा, हे अजून कुणाला सुचलेलं नाही.)

पहिल्या आठवड्यात मनगट सुजलं, दुसऱ्यात डावा हात, तिसऱ्यात गुडघा. "लागू पडून राह्यला," भगवंतराव कण्हत म्हणाले. प्रगती खालीलप्रमाणे: प्रतिकारशक्तीत वाढ, शंभर टक्के (मोजणारे इंद्रभान), सुजलेले सांधे, तिनाचे नऊ. निवेदिताबाईंचा दोनदा फोन आला. उचलायला बोट वळलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हैस विकली. घेतली इंद्रभानने. (ती त्यालाही लाथ मारते. तिची प्रतिकारशक्ती उत्तम आहे.)

शेवटचा हिशेब असा. चोर सापडले शून्य. लाठ्या मोडल्या शून्य. भरपाई दिली ती बोटांनी, गुडघ्याने आणि पुष्पाबाईंनी, ज्या आता काळा चहा पितात. त्याखालची एक ओळ तुमच्यासाठी कोरी आहे. तुमच्या फ्रिजवर जी बाटली आहे, तिच्यावर सिंहच आहे ना?