फाटक कोणासाठी धरलंय?

एकट्याने तीस मैल सायकल चालवून चहाच्या वेळेला घरी परत येईन, असं मी एडिथला ठणकावून सांगितलं. ठणकावून म्हणजे ती भांडी घासत होती आणि नळ चालू होता, तेव्हा.

एडिथ माझी थोरली बहीण. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका लहान गावात आम्ही दोघंच राहतो. चाळीस वर्षं मी वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले. माझी बहुतेक साहसं बसूनच झालेली आहेत.

"सिरिल, बहात्तर पूर्ण झाली तुला," नळ बंद करून ती म्हणाली. "स्वतः चालवत आलास तर सायकल तुझी. कोणी आणून सोडलं, तर त्याच दिवशी ती घराबाहेर."

ती सायकल सोडली तर माझ्याकडे चष्मा आणि पुस्तकंच उरतात. मी पहाटे उठून तेलपाणी केलं.

दुपारपर्यंत वीस मैल उत्तम गेले. निदान मला तसं वाटलं. माझ्या वाटण्यावर फार विसंबू नये. मग टेकडीवरच्या कुरणाचं फाटक आलं. सायकल बाहेर काढून ते लावणार, तोच दीडशे पावलं मागे एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत येताना दिसल्या. नजरानजर झाली. एकदा नजरानजर झाली की आमच्याकडे माणसाच्या तोंडावर फाटक लावत नाहीत. मी धरून उभा राहिलो. मी ताटकळतोय हे पाहून बाई पळायला लागल्या.

"सावकाश या," मी ओरडलो.

त्यांनी वेग वाढवला.

"माफ करा हं, माझ्यामुळे खोळंबलात," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"छे छे, चूक माझीच."

"मागे आमची थोडी मंडळी आहेत."

थोडी म्हणजे चोवीस. पायी भटकणाऱ्यांचं मंडळ होतं. प्रत्येकाने आभार मानले, प्रत्येकाला मी मान खाली घालून "त्यात काय" म्हटलं. त्यांच्या मागून आलेल्याने मात्र आभार मानले नाहीत. मला जरा लागलं. वर पाहिलं, तर ती मेंढी होती.

तेव्हाच लावायला हवं होतं, कबूल. पण तिच्या मागची अगदी दारात येऊन ठेपली होती, आणि तिच्या मागची तिच्या मागे. नेमकं कोणाच्या तोंडावर लावावं हे ठरेपर्यंत कुरण रिकामं झालं.

लालबुंद चेहऱ्याचा शेतकरी धावत आला. प्रोबर्ट त्याचं नाव.

"अहो, काय चाललंय काय?"

"फाटक धरलंय."

"कोणासाठी?"

मी रिकाम्या कुरणाकडे वळून पाहिलं.

खाली गावच्या मैदानावर क्रिकेटचा सामना रंगात आला होता. एक टकले गृहस्थ सत्त्याण्णववर खेळत होते. आयुष्यातलं पहिलं शतक. तेवढ्यात नव्वद मेंढ्यांनी क्षेत्ररक्षण सुरू केलं. त्या हाकलायला दोन तास लागले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच चेंडूवर गृहस्थांचा त्रिफळा उडाला. ते सरळ माझ्याकडे आले.

"तुमचा काही दोष नाही हं," ते म्हणाले. "ऊन डोळ्यांवर आलं."

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

मी गुपचूप सायकल उचलली, तर प्रोबर्ट मेंढ्यांचा ट्रेलर जोडून हजर. "चला, घरी सोडतो."

"नको नको, जाईन मी."

"उशीर झालाय, बसा."

"खरंच नको."

"अहो, बसा हो."

दोनदा नको म्हणणं ही सभ्यता. तिसऱ्यांदा म्हणणं हा अपमान. ज्याच्या नव्वद मेंढ्या आपण सोडल्या, त्याचा अपमान कसा करणार? बसलो.

एडिथ दारातच होती.

"पंक्चर?"

"नाही."

"पडलास?"

"नाही."

"मग?"

"त्याने तीनदा विचारलं."

तिला पटलं, हे चेहऱ्यावर दिसलं. पण शब्द म्हणजे शब्द. ती प्रोबर्टकडे वळली.

"ही सायकल तुम्हीच घेऊन जा."

"छे, मला कुठे चालवता येते."

"न्या हो."

"खरंच नको बाई, ठेवायला जागा नाही."

"संकोच कसला? न्या."

प्रोबर्टने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. सायकल ट्रेलरमध्ये चढली. तिला ओरखडे पडू नयेत म्हणून गोणपाट मीच अंथरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. एडिथ बाजारात गेली होती.

"सायकल आणून देऊ का परत?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या बहिणीला मी समजावतो."

"छे छे, राहू द्या."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून वाट पाहिली. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही.