पासवर्ड मोठ्यानं सांगा

समुपदेशकांचा लॅपटॉप चोरीला गेला तो साडूबुवांच्या गाडीच्या डिकीमुळे. म्हणजे डिकीतून गेला नाही, डिकीत ठेवला नाही म्हणून गेला.

शनिवारी दोन्ही जोडपी फर्निचरच्या दुकानात निघाली होती. मेहुणीला सोफा घ्यायचा होता आणि थोरल्या बहिणीनं बसून बघितल्याशिवाय तिला कुठलाच सोफा मऊ वाटत नसे. साडूबुवा नवी गाडी घेऊन न्यायला आले. समुपदेशक लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून खाली उतरले. सोफा बघायला लॅपटॉप कशाला, असं बायकोनं विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं. गेल्या खेपेला साडूबुवा सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन आले होते आणि "कंपनीला माझ्याशिवाय एक दिवस करमत नाही हो," असं हसत म्हणाले होते. तेव्हापासून यांच्याही कचेरीला यांच्याशिवाय करमेनासं झालं होतं.

"भाऊजी, बॅग डिकीत टाका ना," साडूबुवा म्हणाले. "हात लावायची गरज नाही. खालून नुसता पाय फिरवायचा. हे बघा."

त्यांनी पाय फिरवला. डिकी अदबीनं उघडली. समुपदेशकांच्या पोटात दुखलं.

"नको, मला काम आहे," ते म्हणाले आणि मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर उघडून बसले. अर्ध्या तासाच्या रस्त्यात त्यांनी एकच वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

दुकानापाशी सगळे उतरून पुढे गेले. समुपदेशक मागे रेंगाळले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी बॅग गाडीमागच्या कठड्यावर ठेवली आणि डिकीखाली पाय फिरवून बघितला. डिकी ढिम्म हलली नाही. डावा पाय झाला, उजवा झाला. तिसऱ्यांदा जरा जोरात फिरवताना तोल गेला, आणि नेमकी तेव्हाच दुकानाच्या दारातून हाक आली, "भाऊजी, किल्ली माझ्या खिशात आहे! ती जवळ असल्याशिवाय उघडत नाही!"

समुपदेशक मान खाली घालून तरातरा दुकानात शिरले. बॅग कठड्यावरच राहिली. वीस मिनिटांनी, तिसऱ्या सोफ्यावर बसल्यावर, त्यांचा हात मांडीकडे गेला आणि मांडी मोकळी लागली.

कठडाही मोकळा होता.

समुपदेशकांच्या कामाविषयी इथं सांगायला हवं. भांडणाऱ्या नवरा-बायकोंना समोर बसवून त्यांचं ऐकून घ्यायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. 'मत्सर : ओळख आणि उपाय' हे त्यांचं व्याख्यान तर इतकं नावाजलेलं की दुसऱ्या कचेऱ्यांतूनही बोलावणी येत. त्या लॅपटॉपात दोनशेच्या वर जोडप्यांच्या नोंदी होत्या. कोण कोणाच्या मोबाइलमध्ये डोकावतं, कोणाला कोणाची आई सहन होत नाही, सगळं. शिवाय एक अहवाल होता. सात वर्षांच्या एका मुलीनं आईकडे राहायचं की बापाकडे, हे सोमवारी दहाला ठरणार होतं, ते त्या अहवालावर. त्याची दुसरी प्रत नव्हती. नोंदी बाहेर फुटल्या तर नोकरी जाणार होती, आणि अहवाल मिळाला नाही तर त्या पोरीचा निकाल अर्धवट कागदावर लागणार होता.

पोलिसांत तक्रार देऊन सगळे घरी आले. साडूबुवा कंपन्यांचे संगणक सांभाळायच्या धंद्यातले. अशा प्रसंगी त्यांचाच आधार घ्यावा लागणार, हे समुपदेशकांना चोरीपेक्षा जास्त झोंबलं.

"डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली आहे ना?" साडूबुवांनी विचारलं.

"कचेरीनं सगळ्यांचीच करून दिलीय."

"मग चोराला नुसतं पत्र्याचं खोकं मिळालं असं समजा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी आत नुसता काला दिसणार. पासवर्ड दिल्याशिवाय त्या काल्याची अक्षरं होत नाहीत." मग साडूबुवांना एक शंका आली. "लॅपटॉप बंद केला होतात ना? पूर्ण बंद? का नुसतं झाकण मिटलं होतं?"

समुपदेशकांनी हातानंच झाकण मिटल्यासारखं करून दाखवलं.

"नुसतं मिटलं असेल तर तो झोपलेला असतो हो. कुलूप उघडलेलं असतं आणि किल्ली त्याच्या डोक्यात फिरत असते. एखादा हुशार चोर असला तर..."

"गाडीत काम करायला नको होतं," बायको म्हणाली.

"आणि पासवर्ड कसा आहे? तुमचं नाव, जन्मतारीख, असलं काही नाही ना?"

"नाही. लांब आहे."

"वाक्य आहे?"

"वाक्य आहे."

"व्वा, भाऊजी! मी सगळ्यांना हेच सांगत असतो. विसरणार नाही असं, मनातलं वाक्य ठेवा. कशावर आहे?"

"घरगुती आहे," समुपदेशक म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

रविवारी सकाळी ठाण्यातून फोन आला. बॅगा उचलणारा एक जण सापडला होता. त्याच्या खोलीत पाच लॅपटॉप निघाले होते, सगळे काळे, एकाच बनावटीचे. येऊन आपला ओळखावा. ओळख पटवायला दोन साक्षीदार आणावेत. समुपदेशक बायकोला घेऊन निघाले तर खाली साडूबुवा आणि मेहुणी गाडीत बसूनच होते.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"असं कसं, भाऊजी? अशा वेळी घरचीच माणसं लागतात."

घरची माणसं असण्याचा समुपदेशकांना त्या दिवशी जेवढा राग आला, तेवढा आधी कधी आला नव्हता.

ठाण्यात फौजदारबाईंनी टेबलावर पाचही लॅपटॉप मांडून ठेवले होते. हातात रबरी मोजे होते. समुपदेशकांनी तिसरा ओळखला, त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. बाईंनी चार्जर जोडून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी चौकट आली आणि पासवर्ड मागू लागली.

"अरे, उत्तम!" साडूबुवांनी टाळी वाजवली. "बॅटरी संपून पूर्ण बंद पडला होता. म्हणजे आता किल्ली फक्त तुमच्या डोक्यात. नोंदी शाबूत आहेत, भाऊजी!"

समुपदेशकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी क्षणभर साडूबुवांकडे प्रेमानं बघितलं. मग ते लॅपटॉपकडे सरसावले.

"हात लावायचा नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "ठसे घ्यायचेत अजून. तुम्ही सांगा, मी टाइप करते. उघडला तर तुमचा."

समुपदेशकांनी हात मागे घेतला. "मी कागदावर लिहून देतो."

"कागदावर?" साडूबुवा दचकलेच. "भाऊजी, पासवर्ड कागदावर कधीच नाही! कागद राहतो, कोणाच्याही हाती लागतो. पहिला नियम आहे."

"बरोबर बोलतायत ते," बाई म्हणाल्या. "तोंडी सांगा."

"मग या मंडळींनी जरा बाहेर थांबावं."

"साक्षीदार बाहेर थांबून काय साक्ष देणार? सांगा लवकर. बाहेर चार माणसं खोळंबलीत."

"उद्या हेड ऑफिसकडून उघडून घेतलं तर? त्यांच्याकडे जादा किल्ली असते."

"ते दहाला उघडतं," बायकोनं आठवण करून दिली. "आणि तुमचा अहवाल दहाला द्यायचाय. त्या पोरीचं काय?"

त्या पोरीचं नाव निघालं आणि समुपदेशकांचा नाइलाज झाला. त्यांनी छताकडे बघितलं, घसा साफ केला.

"अक्षरं इंग्रजी आहेत, वाक्य आपलंच आहे," ते म्हणाले. "साडूबुवा..."

"हं, बोला, भाऊजी."

"तुम्हाला नाही म्हटलं. पासवर्ड सुरू झालाय."

खोलीत सगळे जण थोडे पुढे सरकले.

"साडूबुवा," फौजदारबाईंनी टाइप केलं. "पुढे?"

"माझ्यापेक्षा."

"माझ्यापेक्षा. पुढे?"

"चार. आकड्यात. कचेरीचा नियम आहे, एक आकडा लागतो."

"चार. चार काय?"

"इंच," समुपदेशक पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा."

"इंच! इंच उंच आहे म्हणून काय झालं!"

मेहुणीनं बहिणीचा दंड धरला. बायकोनं डोळे मिटून घेतले. साडूबुवा, जे खरोखरच त्यांच्यापेक्षा चार इंच उंच होते, ते नकळत थोडे वाकले. बाईंनी शांतपणे शेवटचं अक्षर टाइप करून बटण दाबलं.

"चुकीचा आहे म्हणतोय."

"कसा चुकीचा असेल?"

"दहा वेळा चुकलं तर कायमचा बंद होतो," साडूबुवा हलक्या आवाजात म्हणाले. "नीट आठवा, भाऊजी. चारच ना? म्हणजे मी साडेतीनच असेन कदाचित."

"चारच आहेत! मी मोजलंय." समुपदेशकांनी कपाळाला हात लावला. "शेवटी प्रश्नचिन्ह राहिलं."

"एक?" बाईंनी विचारलं.

"तीन."

बाईंनी पुन्हा सुरुवातीपासून टाइप केलं, आणि या वेळी प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत. बाहेर खोळंबलेल्या चौघांतले दोघे दारापाशी येऊन उभे राहिले. तीन प्रश्नचिन्हं झाली. पडदा उजळला. अहवाल होता तिथं, होता तसा.

"तुमचाच आहे," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बराच वेळ खोकल्या. "ठसे झाले की तासाभरात घेऊन जा."

परतताना मागच्या सीटवर समुपदेशक खिडकीला नाक लावून बसले होते. रस्ता संपेल तर बरं, असं त्यांना झालं होतं. शेवटी साडूबुवांनीच आरशातून विचारलं, "भाऊजी, रोज टाइप करायचात हे?"

"दिवसातून पाच-सहा वेळा."

"किती दिवस?"

"तीन महिने झाले. त्याआधी दुसरा होता."

"तोही माझ्यावरच?"

समुपदेशकांनी नाक काचेवर आणखी दाबलं. साडूबुवांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून समुपदेशक जीव मुठीत धरून बसले. साडूबुवा वळले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"दिवसातून सहा वेळा! माझ्या सख्ख्या बायकोनं माझी एवढी आठवण काढली नसेल हो! आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, पासवर्ड अव्वल आहे. लांबी आहे, आकडा आहे, चिन्ह आहे, आणि कोणाला अंदाज लागणं शक्य नाही. मलाच लागला नाही! फक्त आता लगेच बदला. अख्ख्या ठाण्यानं ऐकलाय."

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. बायको समोर बसली आणि म्हणाली, "बावीस वर्षं संसार केला मी. इंच मोजायचे तर माझे मोजले असते. माझ्यावर एकही पासवर्ड नाही?"

हा सूर समुपदेशकांनी हजारदा ऐकला होता, पण टेबलाच्या पलीकडून. उपायही त्यांना व्याख्यानासकट पाठ होता, तरी या वेळी त्यांनी व्याख्यान दिलं नाही. लॅपटॉप आणल्यावर तिच्या देखत तिच्यावर एक छानसं वाक्य केलं, एक आकडा घातला, एक चिन्ह घातलं आणि अहवाल पुरा करायला बसले.

संध्याकाळी साडूबुवांचा फोन आला.

"बदललात का, भाऊजी?"

"हो, लगेच. तुम्हीच म्हणालात."

"हो हो, बरोबरच आहे. लांब आहे ना?"

"आहे."

"आकडा वगैरे?"

"आहे."

पलीकडे साडूबुवांनी आवाज खाली आणला. "मी आहे का त्यात?"

"नाही. ही आहे."

"ताई? अच्छा." साडूबुवांचा आवाज एकदम पडला. "छान. छानच. ताई काय, रोजच समोर असतात." मग न राहवून ते म्हणाले, "पण तीन महिन्यांनी पुन्हा बदलावा लागतोच ना?"

"लागतो."

"मग तेव्हा लक्षात असू द्या, एवढंच म्हणतो. तोवर मला बढतीही मिळतेय. पंधरा माणसं हाताखाली येणार."

समुपदेशकांनी अभिनंदन करून फोन ठेवला. तोवर त्यांचं पुढचं वाक्य आकड्यासकट तयार झालं होतं.