आईच्या उशाशी एक्स्टेंडर

एका जंगलात, बाळांनो, वाघाला घाबरणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे घाबरायचे ते रेंज जाण्याला.

तिथे विश्रामराव नावाचे एक साळिंदर राहत. त्यांचं बीळ लांबलचक. दाराशी राउटर, मधल्या घरात त्याच जाळ्यातला दुसरा डबा. दोघं मिळून वायफाय कसंबसं बोळापर्यंत पोचवत. पण आईची खोली होती बोळाच्याही पलीकडे, अगदी टोकाला. तिथे रेंजच्या नावाने शंख.

आईचा पाय मोडला होता, त्यामुळे ती तिथेच पडून असायची. आणि रविवारी पलीकडच्या डोंगरात तिच्या पणतीचं बारसं होतं.

"मला तेवढं पोरीचं तोंड बघू दे रे," आई म्हणाली. "मग बाकी काही नको."

विश्रामराव लगेच उठले. त्यांनी माळा उपसला. रेंज पुढे ढकलणारा एक जुना एक्स्टेंडर 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून तिथे पडून होता. काम फुकटात होतंय म्हटल्यावर त्यांच्या मातृभक्तीला आणखीच भरतं आलं.

राउटरपाशी नेऊन त्यांनी एक्स्टेंडरची जाळ्याशी ओळख करून दिली. मग तो थेट आईच्या उशाशी लावला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. आईच्या फोनवर भराभर चार रेघा उभ्या राहिल्या. फोन लावून मात्र कोणी पाहिला नाही. शुभकार्यात शंका काढू नये म्हणतात.

शेजारची मंदा खार खोबरं खाता खाता म्हणाली, "काका, हा बोळात लावा. तिथे रेंज आहे."

"आहे तिथे कशाला लावू? भरल्या पानापुढे वाढपी उभा करतात का?"

"पण वाढप्याने आधी आमटी घ्यायला चुलीपाशी जायला नको? हा बिचारा रिकामं भांडं घेऊन उभा आहे."

विश्रामरावांना पटलं. अगदी मनापासून पटलं. पण नारळ फुटला होता.

"एकदा स्थापना झाली की जागा हलवत नाहीत," ते म्हणाले.

रविवारी आईच्या फोनवर चार रेघा होत्या आणि मधोमध एक चक्र गरगर फिरत होतं.

"हीच का रे ती?" आईने कौतुकाने विचारलं. "किती गोल आहे."

तिकडे बायकांनी पाळणा म्हणायला घेतला असेल, या विचाराने विश्रामरावांना घाम फुटला. मंदाने एक्स्टेंडरकडे हात नेला, तसे ते आडवे आले.

"त्याला नको. आईलाच हलवू."

आता साळिंदर उचलणं म्हणजे काही खाऊ नाही. मंदासकट चार शेजारी लागले. चौघांच्याही अंगात काटे घुसले, आणि आई वाटभर "अरे, माझा पाय" म्हणत राहिली. शेवटी ती बोळात टेकली आणि चक्र थांबलं.

गुलाबी नाक, मऊ मऊ काटे. कानात कुर्र झालं. पणतीला पणजीचंच नाव ठेवलं होतं. आई रडली. विश्रामरावही रडले, आणि शेजारी तर आधीपासूनच रडत होते.

आई आजही बोळातच झोपते. येणारेजाणारे तिला अडखळतात. एक्स्टेंडर तिच्या खोलीत एकटा ऐसपैस राहतो, त्याला रोज ताजं फूल असतं. विश्रामराव पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, "हा लावला, आणि आईला पणती दिसली."

तात्पर्य: यंत्र चुकीच्या जागी लागलं, तरी ते हलवू नये. हलवायला घरात म्हातारी माणसं असतात.