चौथ्या खांबावरचा गंज

श्रीरंगने डायनिंग टेबलावर बेचाळीस पानांचा फॉर्म पसरला होता आणि एकही रकाना रिकामा सोडायला तो तयार नव्हता. 'लागू असल्यास' असं छापलेले रकाने तर तो आवर्जून भरत होता. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. छोट्या क्लबांची जुनी स्टेडियमं सुधारायला सरकार अनुदान देणार होतं, आणि श्रीरंगच्या रग्बी लीग क्लबचं स्टेडियम जुनं आहे याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

टेक्ससमध्ये अमेरिकन फुटबॉल म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. पंधरा जणांची रग्बी निदान ऐकलेली तरी असते. तेरा जणांच्या रग्बी लीगचं नाव काढलं की लोक हवामानाबद्दल बोलायला लागतात. श्रीरंग राहायचा त्या फ्रिस्कोपासून अर्ध्या तासावरच्या मैदानाला एकच पत्र्याचा स्टँड होता, सहा लोखंडी खांबांवर उभा. कपडे बदलायला खोली नव्हती. खेळाडू आपापल्या गाड्यांच्या आडोशाला बदलत.

"काय करून राहिले भाऊजी?" शेजारच्या शोभाने डबा टेबलावर ठेवला. ती मूळची नागपूरची, श्रीरंगच्या बायकोची, वीणाची मैत्रीण. वीणा गेली तेव्हापासून दर गुरुवारी ती डबा आणायची आणि श्रीरंग जेवला की नाही ते डोळ्यांनी तपासून जायची.

"फोटो मागितलेत. स्टेडियमच्या कंडिशनचा पुरावा."

"मग टाका की."

"फोल्डर आहे ना माझ्याकडे. पण सगळ्यांत वीणा आहे."

असणारच. त्यांचा मुलगा ईशान क्लबातल्या पहिल्या मॅचमध्ये दात पाडून घेऊन आला, त्यानंतर आलेल्या दसऱ्याला वीणाने घरची गाडी, लॅपटॉप आणि ईशानचे बूट पूजले, आणि मग सगळं तबक घेऊन ती मैदानावर गेली. स्टँडच्या चौथ्या खांबापाशी ती बसायची, म्हणून त्या खांबाला हळदकुंकू लावलं. पुढे ईशानचा एकही दात पडला नाही. दात जपायचं प्लास्टिकचं कवच त्याच सुमारास सक्तीचं झालं होतं, पण हे वीणाला सांगण्यात अर्थ नव्हता. दर दसऱ्याला खांबावर कुंकू चढत गेलं, तेलात कालवलेलं, म्हणजे टिकेल. खांबाच्या पायथ्याशी तिने झेंडूची एक मोठी कुंडीही आणून ठेवली.

ईशान नोकरीला सिएटलला गेला तरी ती दोघं दर शनिवारी मैदानावर जात राहिली. आता श्रीरंग एकटा जायचा, कुंडीला पाणी घालायचा आणि चौथ्या खांबापाशी बसायचा. त्याला दुसरीकडे कुठे तिची इतकी आठवण यायची नाही. घरात तर तिच्याशिवाय इतकं शांत असायचं की आठवणही नीट यायची नाही.

फॉर्म भरायला तो तयार झाला याचं कारणही तेच होतं. कोच सिओने म्हणाला होता, "श्री, नवा स्टँड झाला की त्यावर मामा वीचं नाव लावू." सिओने मूळचा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचा, दारातून आत येताना खांदे तिरके करणारा माणूस. वीणाला तो 'मामा वी', म्हणजे वी आई, म्हणायचा. वीणाने हाफटाइमला वाटलेला चिवडा त्याने इतकी वर्षं खाल्ला होता आणि तिच्या अंत्यविधीला तो सगळ्यांत मोठ्याने रडला होता.

श्रीरंगने फोटो निवडले. फोटोत माणसं नकोत असा नियम होता, म्हणून प्रत्येक फोटोतली वीणा त्याने कापली. सतरा फोटो. हे काम संपल्यावर तो बराच वेळ गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अनुदान मंजूर. सिओनेने त्याला उचलून घेतलं आणि खाली ठेवायला विसरला. पाय जमिनीला लागल्यावर श्रीरंगने पत्राची पुढची पानं वाचली. असली पानं क्लबात तो एकटाच वाचायचा. अट क्रमांक सतरा: सरकारी पैशातून केलेल्या बांधकामावर कुठल्याही व्यक्तीचं नाव लावता येणार नाही. आणि परिशिष्टात मंजुरीचं मुख्य कारण: चौथा खांब गंभीररीत्या गंजलेला, स्टँड तात्काळ बंद, लवकरच पाडणार. सोबत फोटो होता. खांबाभोवती कुणीतरी संगणकावर गोल काढला होता, आणि गोलात वीणाचं कुंकू होतं.

त्याने ईशानला तो फोटो पाठवला आणि फोन लावला.

"डॅड, दॅट्स आईज कुंकू," ईशान म्हणाला. "लुक, काही बोलू नका. क्लब गेट्स अ स्टेडियम."

शोभाचं मत वेगळं होतं. "वीणाच्या कुंकवाला गंज म्हणतात? आणि तुम्ही गप्प बसून राहिले?"

श्रीरंग गप्प बसला नाही. नाव लागणार नव्हतं, निदान खांब तरी राहावा, एवढंच त्याच्या मनात होतं. मैदान शहराचं होतं, म्हणून त्याने शहराच्या उद्यान विभागाला ईमेल लिहिली. साध्या दोन ओळींत काम झालं असतं, पण त्याने 'पार्श्वभूमी', 'मूळ कारण' आणि 'सुचवलेला उपाय' असे तीन भाग पाडले, दसरा म्हणजे काय ते समजावलं आणि क्लबातल्या सगळ्यांना प्रत पाठवली.

सिओनेचा फोन आला. "श्री, ही ईमेल वर्षभराने पाठवता आली नसती का? बांधून झाल्यावर?"

"खोटं कारण होतं, सिओने."

"पोरं अजून गाड्यांच्या मागे पँट बदलतात, श्री. ते खरं आहे." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. इतक्या वर्षांत तो श्रीरंगवर पहिल्यांदाच नाराज झाला होता.

सोमवारी उद्यान विभागाच्या इन्स्पेक्टर मिस गार्झा आल्या. पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई, कमरेला स्क्रूड्रायव्हर. स्टँडभोवती पिवळी पट्टी बांधली होती. सिओने एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता, शोभा श्रीरंगबरोबर आली होती.

"ही पावडर आहे म्हणता," मिस गार्झा म्हणाल्या. "मग पुसून दाखवा. खालचं लोखंड बघते."

त्यांनी ओल्या कापडाची घडी पुढे केली. श्रीरंगने ती घेतली. हे त्याच्या तीन भागांच्या ईमेलमध्ये कुठेच नव्हतं. खांबावर सगळ्यांत वरचा ठिपका शेवटच्या दसऱ्याचा होता. तेव्हा आजारी वीणाला बोट नीट टेकवता आलं नव्हतं, म्हणून तो थोडा खाली ओघळला होता.

"भाऊजी, राहू द्या," शोभा हळूच म्हणाली. "कुंकू लावून गेली ती. पुसायची वेळ तिच्यावरही आली नाही, आणि तुम्ही कशाला..."

पण पुसलं नाही तर खांब जाणार होता. श्रीरंगने कापड टेकवलं आणि पुसलं. पुन्हा पुसलं. कापड लाल झालं. तो रडत होता, आणि नाक पुसायला हातात दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने तेच कापड नाकाला लावलं. खांबाचा निळा रंग खालून बाहेर आला, किंचित गुलाबट, पण धड.

मिस गार्झांनी त्याच्या लाल नाकाकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर खांबाकडे वळवली. स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहिलं. ठणठणीत आवाज आला. "लोखंड चांगलं आहे. रिपोर्ट बदलावा लागेल. सॉरी, कोच, अनुदानाचा पुन्हा विचार होईल."

सिओनेने हाताची घडी सोडली. श्रीरंगला बसायला जागा हवी हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने वाकून झेंडूची कुंडी बाजूला ओढली. कुंडी हलेना. त्याने जोर लावला तेव्हा ती निघाली, आणि तिच्याबरोबर खांबाच्या पायथ्याचे गंजलेले चार-पाच पापुद्रे निघाले.

मिस गार्झा गुडघ्यावर बसल्या. त्यांचा स्क्रूड्रायव्हर खांबात मुठीपर्यंत आत गेला.

"इथे पाणी कोण घालतं?"

सगळ्यांनी श्रीरंगकडे पाहिलं.

"आधी माझी बायको घालायची," श्रीरंग म्हणाला. "नंतर मी. एकही शनिवार चुकवला नाही."

"दिसतंय," मिस गार्झा म्हणाल्या.

ज्या खांबासाठी त्याने ती सगळी खटपट केली, तो त्यानेच कुजवला होता, प्रेमाने आणि नेमाने. अनुदान कायम राहिलं. सिओनेने त्याला पुन्हा उचललं, पण या वेळी अलगद, आणि लगेच खाली ठेवलं.

पुढच्या वर्षी नवा स्टँड उभा राहिला. कपडे बदलायला दोन खोल्या, दिवे, गरम पाणी. पोरं आंघोळीला गेली की अर्धा तास बाहेर यायची नाहीत. भिंतीवर कुणाचंच नाव नव्हतं. फक्त नव्या चौथ्या खांबावर मिस गार्झांनी एक पाटी लावून घेतली होती: खांबापासून तीन फुटांच्या आत कुंड्या ठेवू नयेत, पाणी घालू नये.

शोभाने ती दोनदा वाचली. "अख्ख्या स्टेडियमात वीणाचीच तेवढी पाटी लागली बघा, भाऊजी."

दसऱ्याच्या दिवशी श्रीरंग डबी घेऊन गेला. खांब इतका नवा होता की त्याला हात लावायचा धीर होईना. शेवटी त्याने पाटीच्या वरच, लहानसा एक ठिपका लावला. त्याला कुंकू लावायची सवय नव्हती. तो थोडा खाली ओघळला.

मागे कुणीतरी उभं होतं. मिस गार्झा वार्षिक तपासणीला आल्या होत्या, हातात टॅबलेट.

"मी पुसतो," श्रीरंग म्हणाला. "अट सतरा मला माहीत आहे."

"अट नावाबद्दल आहे. हे काही नाव नाही." त्यांनी ठिपका जवळून पाहिला. "पण माझ्यानंतर येणाऱ्या माणसाला गंज वाटायचा. फाइलमध्ये नोंद करावी लागेल. कुणाचं म्हणून लिहू?"

श्रीरंगने डबीचं झाकण लावलं. "वीणाचं," तो म्हणाला, आणि अक्षरं सांगितली.

मिस गार्झांनी टाइप केलं आणि बरोबर आहे ना म्हणून टॅबलेट त्याच्यासमोर धरला. श्रीरंगने सवयीने आधी सगळे रकाने भरलेत का ते पाहिलं. मग नोंद वाचली.

खांब क्रमांक चार. लाल ठिपका. गंज नाही. वीणाचा आहे. पुसू नये.