तेलुगूचा शनिवार

भोईरभाऊ सकाळी ऑफिसात आले की पाणीसुद्धा न पिता आधी एक वाईट बातमी तयार करायचे. "सर्व रिक्षा आजपासून बेमुदत बंद." "यापुढे चहाचा कप निम्माच भरला जाईल." "या जिन्याची वरची पायरी निखळली असून पडल्यास जबाबदारी आपली राहील." मग ती बातमी मराठीत, उर्दूत, गुजरातीत, तेलुगूत आणि इंग्रजीत एकाच कागदावर छापून ते बाहेर पडायचे आणि जो भेटेल त्याच्यापुढे धरून म्हणायचे, "वाच मोठ्यानं."

याच कामाचा त्यांना पगार होता. त्यांना पगार देणारे आमचे शेठ म्हणजे भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका छापखान्याचे मालक. आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणा, दुकानाच्या उद्घाटनाचं हँडबिल म्हणा, चार मोहल्ल्यांत वाटायचं तर चार लिप्यांत छापावं लागतं. तेव्हा सगळ्या लिप्या आणि त्यांचे फॉन्ट एकाच पानावर नीट मांडून देणारा प्रोग्राम आपणच काढायचा आणि गावोगावच्या छापखान्यांना विकायचा, असं शेठच्या मनानं घेतलं. दोन हजार सालानंतरचे दिवस, कॉम्प्युटर शिकलेला पोरगा स्वस्तात मिळत होता. तो पोरगा मी. छापखान्याच्या माळ्यावर आम्हाला दोन कॉम्प्युटर मिळाले. शेजारी कापड विणणारे लूम होते. ते चालू असले की आमचे मॉनिटर थरथरायचे, आणि वीज गेली की लूम आणि मॉनिटर दोन्ही बंद व्हायचे. वीज बरेचदा जायची.

मी प्रोग्राम लिहायचा आणि तो कुठे फुटतो ते भाऊंनी शोधायचं, अशी वाटणी होती. भाऊ मूळचे छापखान्यातले प्रूफ तपासणारे. अंजूरला घर, घरामागची शेती गोदामाखाली गेलेली, बायको वारलेली, मुलगा ठाण्यात फ्लॅटमध्ये. उंच, वाकलेले, आणि चेहऱ्यावर कायम आताच कुठल्या तरी मयताला जाऊन आल्याचा भाव.

वाईटच बातमी का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"चांगली बातमी मानूस अर्धी वाचतो आन खूश होऊन निघून जातो," भाऊ म्हणाले. "वाईट बातमी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतो. आपल्याला पूर्ण पान तपासायचं हाय ना?"

त्यांची पद्धत अशी, की ते कागदाकडे बघायचेच नाहीत. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. अक्षर नीट बसलं असेल तर माणूस सरळ वाचत जातो. कुठे रफार भलत्या अक्षरावर गेला, उर्दूतला आकडा उलटा लागला, ओळीखालचं जोडाक्षर खालच्या ओळीत घुसलं, की वाचणारा अडखळतो. तिथे भाऊंची पेन्सिल खूण करायची. ही पद्धत मला आधी खुळचट वाटली होती. पण मला स्क्रीनवर न दिसलेल्या चुका ते रोज डझनाने आणायला लागले तेव्हा मी त्या दुरुस्त करायला बसलो.

एकदा मात्र फार घोळ झाला. "उद्या या गल्लीत पाणी येणार नाही" हा त्यांचा कागद चहावाल्याच्या टपरीवर राहिला. पाच लिप्यांत असल्यामुळे तो कोणाला वाचता आला नाही असं झालंच नाही. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीने हंडे, बादल्या, पिंपं आणि एका घराने तर पाळणासुद्धा भरून ठेवला. गल्लीची टाकी कोरडीठाक झाली आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत खरोखरच पाणी आलं नाही. लोक शेठच्या अंगावर धावून आले. भाऊ कोपऱ्यात उभे राहून मला म्हणाले, "एक पन बाई अडखळली न्हाय. फॉन्ट सुधारला तुझा."

चूक सापडली की तिच्यापुढे "किरकोळ", "मध्यम" किंवा "गंभीर" असं लिहायचं, असा मी नियम केला होता. भाऊंनी त्यात स्वतःची एक पायरी वाढवली, "आशा नाही". पुढे बाकीच्या तीन त्यांनी वापरायच्याच सोडल्या. एक अनुस्वार केसभर सरकला तरी आशा नाही. मी म्हणायचो, "भाऊ, मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो की." ते म्हणायचे, "कर. दुसरीकडं फुटंल." आणि फुटायचंच. त्या माळ्यावर मी जेवढा निराश झालो तेवढा नंतर नोकरी गेली तेव्हाही झालो नाही.

भाऊंना स्वतःला वाचता यायचं ते मराठी आणि थोडं इंग्रजी. बाकीच्या भाषांतला मजकूर शेठ बाहेरून लिहून आणायचे, पण तो वाचून बघायला भाऊंनी माणसं धरली होती. उर्दूला खालचा हॉटेलवाला, गुजरातीला सुताचा एक व्यापारी, आणि तेलुगूला कामतघरचे मल्लय्या. मल्लय्या जुने लूम कामगार. तरुणपणी तेलंगणातून आले ते लूमवरच म्हातारे झाले. त्यांच्याकडे भाऊ शनिवारी दुपारी जायचे, एकटेच जायचे, आणि परत आले की रिपोर्टवर एकच शब्द असायचा, "ठीक". पाच लिप्यांपैकी तेलुगूचाच रिपोर्ट असा स्वच्छ यायचा. एवढी अवघड लिपी आपल्याला साधली याचा मला मनातून गर्व होता.

इकडे प्रोग्राम काही विकला जात नव्हता. छापखानेवाले चोरीच्या सीडीवर दुसराच प्रोग्राम चालवत होते आणि आमच्या विकायला गेलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवत होते. आजूबाजूचे लूमही भंगारात जायला लागले होते. शेवटी एका शुक्रवारी शेठ माळ्यावर चढून आले आणि म्हणाले, "तेलुगू काढून टाक. एकानं विचारलं न्हाय. त्याच्यावर तुझे दिवस घालवू नको. आन भोईर, त्या म्हाताऱ्याला सांगून टाक, आता गरज न्हाय म्हनून."

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी बाजू घेतली. "शेठ, सगळं फुटतंय आन एक तेलुगू सरळ चाललंय, तेच कापता?" ते म्हणाले. "मराठी कापा. मराठीत काय राम हाय? गुजराती कापा." आवाज चढला. शेठ खाली गेले. मग भाऊ खुर्चीत बसले. मला म्हणाले, "उद्या तू चल माझ्यासंगती. तू सांग त्याला. माझ्यानं न्हाय व्हायचं."

आम्ही गेलो तेव्हा मल्लय्या चाळीच्या ओट्यावर खाटेवर बसले होते. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, जाड काचांचा चष्मा. पावलं ऐकून म्हणाले, "आओ भोईरसाब. आज अच्छा लाये कि बुरा?"

"बुराच हाय," भाऊ म्हणाले. "पढो."

मल्लय्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, घसा साफ केला आणि वाचायला लागले. काय वाचत होते! एका लयीत, मध्येच हसून, मध्येच आवाज खाली आणून. भाऊ डोळे मिटून, पेन्सिल हातात धरून ऐकत होते. मी कौतुकाने कागदाकडे पाहिलं. आमच्या कंपनीचं इंग्रजी नाव पानाच्या माथ्यावर छापलेलं असे. ते खाली, मल्लय्यांच्या पोटाशी, उलटं दिसत होतं.

त्यांच्या सुनेने मला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. "भैया, आप कंपनी के हो ना?" तिने हळूच विचारलं. "इनकी आँखें तो कब की गई."

"तो पढ़ क्या रहे हैं?"

"कुछ भी. गाँव का तालाब, लूम का मालिक. आज सासूमाँ से झगडा चालू है. वो तो गुजर गई." ती दाराकडे बघत म्हणाली. "बाकी दिन मुँह नहीं खोलते, भैया. शनिवार को नहाके खुद शर्ट माँगते हैं, बोलते हैं आज कंपनी की ड्युटी है. बंद मत करना."

मी चहा घेऊन बाहेर आलो. वाचन संपलं होतं. भाऊंनी कागदावर खूण केली आणि तो खिशात ठेवला. मल्लय्यांनी माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या जरा डावीकडे बघत विचारलं, "इंजिनियरसाब, हमारी तेलुगू मशीन में बराबर आती है ना?"

"एकदम बराबर," मी म्हणालो. जे सांगायला आलो होतो ते माझ्याही तोंडून निघालं नाही.

परतताना आम्ही रिक्षा शोधत चालत राहिलो. मला भाऊंचा राग येत होता आणि माझ्या तेलुगूचं हसूही येत होतं.

"भाऊ, त्यांना दिसत नाही."

"मना ठाऊक हाय. कप चाचपायला लागला तवाच समजलो."

"म्हणजे आपलं तेलुगू कोणी तपासलंच नाही?"

"कोनी विकत तरी घेतलं का?"

"पण आता प्रोग्राममधून तेलुगू जाणार," मी म्हणालो. "कागद कुठून आणाल?"

"गुजरातीचा आनीन. त्याला काय?"

"आणि तुम्हाला तरी कुठे कळतं ते काय बोलतात?"

भाऊंनी एका रिक्षाला हात केला. ती थांबली नाही. "न्हाय कळत," ते म्हणाले. "पन कोनतरी समोर बसून अर्धा तास बोलतं. मध्ये उठून जात न्हाय. पोराचा फोन आला तर बिल वाढतं म्हनून ठेवून देतो. घरी कोन हाय माझ्या? गोदामाचा वॉचमन, तो पन दिवसा झोपलेला असतो."

पुढची रिक्षा थांबली. भाऊ आत बसले, मला जागा करून दिली आणि बाहेर बघत म्हणाले, "शेठला सांग, भोईरनं म्हाताऱ्याला सांगून टाकलं. रडला का विचारलं, तर लय रडला बोल."